बोलुंबू गप्प बसली तेव्हा

आवाज वाटताना बोलुंबूपाशी आल्यावर देवाचा हात घसरला असावा. चार बायकांना पुरला असता एवढा आवाज एकटीच्या गळ्यात पडला. लहानपणी आई तिला पाखरं हाकलायला शेतात उभी करायची, तर शेजारच्यांच्या शेतातली पाखरंही उडून जायची. शेजारी त्याबद्दल केळ्यांचा घड आणून द्यायचे. आई म्हणायची, हिच्या लग्नाची मला काळजी नाही, नवऱ्याच्या कानांची आहे.

नवरा मिळाला एकोफो. आमच्या यालेंगा गावचा, मवाळ, हळू बोलणारा, आणि आधीच एका बायकोचा. पहिली बोसाली. धाकटी येणार म्हटल्यावर गावानं कान टवकारले, आता भांड्याला भांडं लागणार. बोलुंबू आली ती एक चटई आणि एक पातेलं घेऊन. अंगणाच्या कडेला उभीच राहिली. बोसालीनं तिला खालून वरपर्यंत पाहिलं.

"एवढीशी? वारा सुटला तर हिला धरायचं कुणी?"

मग आपल्या चुलीपाशी एक बैठं स्टूल पायानं सरकवलं आणि म्हणाली, "बस, धाकटे. तुझी चूल उद्या मांडू. आज माझ्याच भांड्यात हात घाल."

आमच्याकडे प्रत्येक बायकोची चूल वेगळी. पण ते 'उद्या' काही उजाडलं नाही. बोसाली शिजवायची, बोलुंबू कांडायची, पाणी आणायची. कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, पाला कांडताना तिच्या मुसळाचा आवाजही गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. पोरं झाली ती बोसालीला. बोलुंबूची कूस उजवली नाही. बोसालीची एक लेक लांब दिली आणि शेंडेफळ लोकुली घरी राहिला. जिची पाठ मोकळी असेल तिच्या पाठीवर तो वाढला. थोरलीनं मारलं तर धाकटीकडे पळायचा, धाकटीनं मारलं तर थोरलीकडे. मार मात्र दोन्हीकडे खायचा.

एकोफो या दोघींकडे बघून म्हणायचा, "मी जंगलात एलिया म्हणून जन्मलो असतो तरी माझं हेच झालं असतं."

खोटं नव्हतं ते. एलिया म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक बोनोबो म्हणतात. काळं तोंड, लाल ओठ, आणि डोक्यावर मधोमध भांग, कंगवा न लावता पडलेला. त्यांच्यातही लेक वयात आली की माहेरचा कळप सोडून परक्या कळपात जाते. तिथं एखादी म्हातारी गाठायची, तिच्या मागं मागं फिरायचं, तिचे केस विंचरून द्यायचे, तिनं जवळ बसवलं की जागा पक्की. दादल्यांना तिथं कुणी विचारत नाही. फळांचं झाड लागलं की आधी बायका चढणार, आणि बाप्या केवढाही दांडगा असला तरी आईच्या आडून हात पुढे करणार. आमचे जुने लोक सांगत, माणूस आणि एलिया एका आईची लेकरं. एकाला विस्तव सापडला, तो गावात राहिला. दुसऱ्याला विस्तवाची भीती वाटली, तो झाडावर गेला. म्हणून आमच्यात एलिया खात नाहीत. भावकी कोण खातं?

पण लढाईच्या दिवसांत बंदुका घेऊन जे आले, त्यांची भावकी वेगळी. त्यांनी खाल्ले. ते गेल्यावर जंगल इतकं मुकं झालं की संध्याकाळी निजायला फांद्या मोडतानाचा एलियांचा कल्लाही ऐकू येईना. एलियाची बाई चार-पाच वर्षांतून एकदा वीत असते. गेलेली भरून यायला माणसाची एक पिढी जाते. तेव्हा गावानं बसून ठरवलं, ओढ्यापलीकडचं जंगल एलियांचं. तिथं तारेचा फास लावायचा नाही. वेलीचा फास एलिया ओढून तोडतो. तार तुटत नाही, हात तुटतो. ज्याच्या तारेत एलिया सापडेल त्या घराला जंगलातलं काम नाही, आणि दोन उन्हाळे त्या घराच्या पायांनी ओढा ओलांडायचा नाही.

जंगलातलं काम म्हणजे एलियांचा माग काढायचं काम. एलियांचा अभ्यास करायला जंगलात तळ टाकून राहिलेल्या कॅम्पवाल्यांबरोबर पहाटे निघायचं, कळप कुठं निजला, काय खाल्लं ते बघायचं. त्याचे पैसे मिळायचे, म्हणून ते काम घराघरांत पाळीनं फिरायचं. या खेपेला पाळी आली होती लोकुलीची. बोसालीनं त्याच्यासाठी बाजारातून बूट आणून ठेवले होते. उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून उशाशी घेऊन निजायची.

आता बोलुंबूच्या आवाजाचं सांगते. आमच्याकडे बोनांगोची रीत आहे. माणूस संध्याकाळी अंगणात उभा राहतो आणि मोठ्यानं बोलतो. कुणाशी? कुणाशीच नाही. मनात साचलं ते वाऱ्यावर सोडायचं. बाकीच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, त्याच्याकडे बघायचं नाही आणि उत्तर तर मुळीच द्यायचं नाही. बोनांगोला उत्तर देणाऱ्याला आईबापांनी काही शिकवलं नाही असं धरतात.

हे काम तसं पुरुषांचं. पण एकदा एकोफोची शेळी कुणीतरी कापून खाल्ली, तो अंगणात उभा राहिला, आणि त्याचा आवाज कोंबड्यांनासुद्धा ऐकू जाईना. बोलुंबू म्हणाली, सरका बाजूला. त्या दिवशी उभी राहिली ती राहिलीच. एकोफो मेला, तिचे केस पिकले, पण दिवस कलला की तिचा पट्टा सुरू.

"मी कुणाशी बोलत नाहीये. पण ज्यांची शेळी माझा पाला खाते, त्यांनी शेळीला सांगावं की म्हातारीचे दात पडलेत, हात नाही पडले. आणि कुणाचा तरी जावई सासरी येऊन बसलाय, त्याच्या आईनं त्याला घरी जेवायला घालू नये असं कुठं लिहिलंय का?"

गावच्या बैठकीच्या मंडपात बसलेले पुरुष मान खाली घालून हसायचे. कुणी बघायचं नाही. गावातल्या कुठल्याच घरची झाकली मूठ तिनं झाकली ठेवली नव्हती, आणि तरी तिच्याशी कुणाचं वैर नव्हतं, कारण रीतीप्रमाणे तिचं बोलणं कुणी ऐकलंच नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळा चांगला कडक पडला. ओढे आटले तशा बायका मासे धरायला जंगलात गेल्या. ओढ्याला चिखलाचे बांध घालायचे, टोपल्यांनी पाणी उपसायचं आणि तळच्या गाळात हात घालायचे. बोसालीचा गुडघा धरला होता, ती घरी राहिली. एका सकाळी बोलुंबू मासे बांधायला रुंद पानं काढत एकटीच ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली. तिला एलियांचा ओरडा ऐकू आला. रोजचा नव्हे. त्यात कुणीतरी दुखऱ्या सुरात रडत होतं.

ओढा ओलांडून पुढे गेली तर एक तरणी एलिया जमिनीवर. गेल्या फळांच्या हंगामात दुसऱ्या कळपातून आलेली, अजून अंग चोरून वागणारी. तिच्या हातात तार रुतली होती आणि तार एका रोपट्याला बांधलेली. शेजारी कळपातली म्हातारी बसली होती. ती तारेवर बोटं फिरवायची, रोपटं चावायची, पुन्हा तारेवर बोटं फिरवायची. बाकीचे वर फांद्यांवरून गलका करत होते.

बोलुंबूनं पानं खाली ठेवली आणि लांबच बसली. मग ती हळू बोलली. तिला हळू बोलता येतं हे तिलाही तेव्हाच कळलं.

"मी काही करत नाही, बाई. तू बस तिच्याजवळ. मी नुसतं झाड कापते."

म्हातारी हटेना. मग थोडी सरकली. बोलुंबूनं सरपटत जाऊन कोयत्याचे घाव घातले. रोपटं आडवं झालं, तारेचं टोक निसटलं आणि ती पोर तार फरफटत झाडीत गेली. म्हातारी तिच्या मागोमाग.

पण घाव घालताना बोलुंबूनं तार जवळून पाहिली होती. सायकलीच्या ब्रेकची तार. टोकाला निळ्या नळीचा तुकडा तसाच राहिलेला.

तिच्या अंगणात एक सायकल होती. एकोफोची. तिच्या ब्रेकची नळी निळी. मागच्या महिन्यापासून त्या सायकलीला ब्रेक नव्हता, आणि लोकुली उतारावर चपला घासत थांबायचा. विचारलं तर म्हणायचा, "झिजला, फेकून दिला."

बायका गावात परतल्या तोवर माग काढणाऱ्यांनी बातमी आणलीच होती, एका एलियाच्या हातात तार आहे. कपिता लोंबोतो, म्हणजे आमचा गावप्रमुख, मंडपात माणसं बोलावून बसला. कुणी विचारण्याआधीच सगळ्यांच्या माना इसिकेच्या घराकडे वळल्या.

इसिके नदीच्या खालच्या अंगाचा. आमच्यात लग्न करून राहिला, बायको मेली तरी राहिला. त्याच्या मूळ गावाकडे एलिया खातात, म्हणून गावात कुणाची कोंबडी हरवली तरी आधी त्याच्या चुलीचा वास घ्यायचे.

"मी फास लावलेला नाही," इसिके म्हणाला.

"मग काय एलियानं हौसेनं बांगडी घातली?" एक जण म्हणाला, आणि मंडप हसला.

कपिता म्हणाला, "बाजाराच्या दिवशी पलीकडच्या वस्तीचे म्हातारे येतील. त्यांच्यापुढे ठरवू. दोन उन्हाळ्यांची बंदी गावच्या घरांना. परक्याला ती सवलत नाही, ठरलं तर इसिकेनं आपलं गाठोडं बांधायचं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी ठरत होती.

बोलुंबूनं लोकुलीला सायकलीपाशी गाठलं.

"डुकरासाठी लावला होता, धाकटी आई," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, तेवढं चांगलं. "ओढ्याच्या अलीकडे डुकरं उरलीत कुठं? होणाऱ्या सासऱ्याला मांस न्यायचंय. रिकाम्या हातानं गेलो तर तो म्हणेल, हा जावई आहे की नुसता पाहुणा?"

"आणखी आहेत?"

तो सायकलीची साखळी चाचपू लागला.

"मंडपात जा आणि सांग."

"माझी पाळी जाईल. आईनं बूट आणलेत."

"आणि इसिके जातोय ते?"

"तो काय, परकाच."

"परकी तर मीही आहे, बाळा. चटई घेऊन आले होते."

लोकुली सायकल ढकलत निघून गेला.

त्या संध्याकाळी बोलुंबू अंगणात आली, उभी राहिली, आणि आत गेली. तिला वाटलं, बोललंच नाही तर काही कळायचं नाही. आपलं बोलणं कुणी ऐकत नाही असं इतकी वर्षं सगळं गाव दाखवत होतं, तर न बोललेलं कोण ऐकणार? इथंच म्हातारी चुकली. सगळ्या गावानं ते गप्प बसणं ऐकलं. मंडपातल्या पुरुषांना बोलायला सूर सापडेना. बायकांचे हात भांड्यात थांबले.

"काय झालं हिला?"

"पडसं असेल."

"पडसं झालं होतं तेव्हा तर शिंकांसकट बोलली होती."

दुसऱ्या संध्याकाळीही तेच. कपितानं शेंगा सोलता सोलता तिच्या अंगणाकडे चक्क पाहिलं. दुसऱ्यांच्या घरचं हवं तेवढं बोलणारी आता मूग गिळून बसते, म्हणजे मूग कुठल्या घरचे हे कळायला काय लागतं? पण तोंडानं कुणी काही म्हणेना.

चुलीपाशी बोसालीनं विचारलं, "घसा बसलाय?"

"नाही."

"मग बोल की. एवढ्या शांततेनं माझा गुडघा दुखतो."

"थोरले, त्या एलियाच्या हातातली तार मी पाहिलीय. निळी नळी होती तिला."

बोसाली पातेल्यात ढवळत राहिली. "निळ्या नळ्या दुनियेत पुष्कळ."

"हो."

"इसिकेची असेल."

"इसिकेकडे सायकल नाही."

पळी पातेल्याच्या काठावर आपटली. मग बोसाली म्हणाली, "लोकं काय म्हणतील ठाऊक आहे? सवतीनं सवतीच्या पोराचा काटा काढला."

"म्हणतील."

"तुझ्या पोटचा असता तर तू हे बोलली असतीस?"

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्या चुलीपाशी कधी आलं नव्हतं. बोलुंबूनं आपल्या हातातली वाटी खाली ठेवली. ती उठली आणि आपल्या चटईवर जाऊन पडली. तिला ना मूल, ना माहेर उरलेलं. बोसालीच्या शेजारचं ते बैठं स्टूल, एवढीच तिची या जगातली जागा.

बाजाराचा दिवस आला. पलीकडच्या वस्तीचे म्हातारे येऊन ताडी पीत मंडपात बसले. इसिके आपल्या दारात जाळं दुरुस्त करत होता, आणि गाठोडं त्यानं बांधूनच ठेवलं होतं. दिवस कलला. ओढ्यापलीकडे एलियांनी निजायच्या फांद्या मोडायला सुरुवात केली, त्यांचा कल्ला झाला आणि निवला. मग बोलुंबू अंगणात उभी राहिली.

"मी कुणाशी बोलत नाहीये," ती म्हणाली. पहिले शब्द फाटले. तिनं खाकरून आवाज काढला. "आमच्या अंगणात एक सायकल आहे. तिला ब्रेक नाही. त्या ब्रेकची तार निळ्या नळीतली होती आणि ती मी एलियाच्या हातात पाहिली आहे. ज्यांना सायकल बघायची त्यांनी येऊन बघावी, भिंतीला टेकून उभी आहे, दुसरं काही तिला जमत नाही. आणि इसिके सायकलवर बसला होता तो एकदाच, आमच्याच, आणि चिखलात पडला. तेव्हा हसलेले सगळे इथंच बसलेत. आणखी तारा आहेत जंगलात. आमच्या घरच्या आहेत आणि दुसऱ्या घरच्याही आहेत, उतारावर चपला घासत थांबणारा आमचा एकटाच नाही. मी पहिल्यांदा आमच्या घरचं बोलले. आता बाकीच्यांनी आपापल्या सायकली बघाव्यात."

कुणी वळून पाहिलं नाही. कपिता शेंगा सोलत राहिला. इसिकेचे हात जाळ्यावर थांबले, मग पुन्हा चालू लागले. बोसाली आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

बोनांगोला उत्तर नसतं. पण रात्र व्हायच्या आत लोकुली आपल्या पायांनी मंडपात गेला आणि म्हणाला, तार माझी. कुणाच्या धाकानं गेला की लाजेनं, ते त्याचं त्याला माहीत. दुसऱ्या दिवशी त्यानं आपले उरलेले फास दाखवून काढून दिले. इसिकेनं गाठोडं सोडलं. तो आभार मानायला आला नाही, आणि यावं असं बोलुंबूलाही वाटलं नाही. नियम तो नियम: घरावर दोन उन्हाळे बंदी बसली, पाळी गेली. ती फिरून कपिताच्या पुतण्याकडे गेली, आणि गावाला त्याचं नवल वाटलं नाही. नवल दुसऱ्याच गोष्टीचं. त्या आठवड्यात पुरुष एकेकटे जंगलात गेले, आणि गावातल्या कितीतरी सायकलींना पुन्हा ब्रेक आले.

बोसालीनं बूट पेटीत घातले. आणि एका सकाळी बोलुंबू उठून बघते तर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वारुळाची तीन ढेकळं मांडलेली. नवी चूल. दुखऱ्या गुडघ्यानं बोसालीनं ती स्वतः ओढत आणली होती. लग्नाच्या दिवशी 'उद्या मांडू' म्हणाली होती ती चूल.

बोलुंबू आपलं पातेलं घेऊन तिकडे गेली. जन्मभर कांडलं, शिजवलं कधी नव्हतं. कसावा कधी कच्चा राहायचा, कधी तळाला लागायचा. पामतेल किती घालायचं तेही तिला कळेना. संध्याकाळचं बोलणं तिनं पुन्हा सुरू केलं नाही. लोकुली थोरल्या आईपाशी जेवायचा आणि घास तोंडात तसाच ठेवून धाकटीच्या चुलीच्या धुराकडे बघायचा. लोक म्हणायचे, सवतच शेवटी. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हे तिच्या कानांवर येईल असंच म्हणायचे.

पावसाळा आला, सुरवंट वेचून खायचा हंगाम आला आणि गेला. माग काढणारे सांगत आले की त्या पोरीच्या हातातली तार गळली आणि दोन बोटंही गेली. आता ती उरलेल्या बोटांनी फांदी धरते. म्हातारी सारखी तिच्याजवळ असते. फळाचं झाड लागलं की तिला आपल्या बाजूला चढू देते. बोलुंबूनं ऐकलं आणि मान हलवली.

मग एका संध्याकाळी बोसाली दाराची चौकट धरून अंगणात उतरली आणि उभी राहिली. जन्मात कधी बोनांगो केला नव्हता तिनं. आवाज तर असा की शेजारच्या घरापर्यंत जेमतेम जावा. पण गाव इतकं चूप झालं की गेला.

"मी कुणाशी बोलत नाहीये," बोसाली म्हणाली. "पण या अंगणात कुणीतरी रोज कच्चा कसावा खातंय. मला वासावरून कळतं. उद्या पोटात दुखलं तर रात्रभर कण्हणं मलाच ऐकावं लागणार. आणि माझा हात जुन्या सवयीचा आहे, भांड्यात दोघींपुरतं पडतं. उरलेलं कोंबड्या खातात. कोंबड्या इतक्या माजल्यात की मला घरात येऊ देत नाहीत. लोकुलीला कांडता येत नाही, पाल्यात दांडे राहतात. आणि संध्याकाळी इथं कुणी बोलत नाही, त्यानं माझा गुडघा दुखतो. एवढंच होतं. मी कुणाशी बोललेली नाही."

गावातली सगळी माणसं आकाशाकडे, पायाकडे, शेळ्यांकडे बघत होती.

बोलुंबूला उत्तर देता येत नव्हतं. रीतच तशी. तिनं आपल्या चुलीवर पाणी ओतलं. पातेलं उचललं आणि अंगण ओलांडून गेली. ते बैठं स्टूल भिंतीला उलटं टेकवलेलं होतं. ते सरळ केलं, नेसूच्या टोकानं पुसलं आणि बसली.

बोसालीनं तिच्या पातेल्यात बोट घालून दाबून पाहिलं.

"कच्चाच आहे," ती म्हणाली, आणि ते पुन्हा विस्तवावर चढवलं.